अल्बमवर मत देण्यापूर्वी

डच डीजे टिएस्टोच्या २००९ च्या ‘कॅलिडोस्कोप’ या अल्बमला आपण ‘हा ट्रान्सच नव्हे’ (ट्रान्स म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार) एवढे म्हणून बाजूला सारलेत, याचे मला वाईट वाटले. तो अल्बम ट्रान्सपासून दूर गेला हे खरे आहे. पण नेमका कशात दूर गेला, हे सांगितल्याशिवाय मत अपुरे राहते. आपल्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, बुवांनी चाल बदलली, तर जाणते श्रोते ती कुठे बदलली हे अचूक सांगतात. तीच सवय येथेही लावावी.

आधी २००१ चा ‘इन माय मेमरी’ आणि २००४ चा ‘जस्ट बी’ क्रमाने ऐकावेत. तेथे लांब ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ताल मागे पडणाऱ्या भागात, किक (तालाचा मुख्य ठोका) थांबतो आणि तो परतेपर्यंत सिंथची (सिंथेसायझरची) सुरावट संयमाने चढत जाते, हे माझ्या मते त्या काळाचे खरे वैभव आहे. ‘कॅलिडोस्कोप’मध्ये गाण्याची बांधणी पुढे येते, आणि सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचे गायक योन्सी किंवा टीगन व सारा या कॅनडातील गायिकांच्या आवाजांना मध्यवर्ती स्थान मिळते.

चिपळूणहून रत्नागिरीला रेल्वेने जाताना ऐकणार असाल, तर अल्बम आधीच डाउनलोड करून ठेवावा, कारण करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेटवर्क तुटले की सलग ऐकण्याचा परिणाम जातो.

त्यानंतर ट्रान्समधलाच दुसरा डच डीजे आर्मिन व्हॅन ब्युरेन याचा २००३ चा ‘७६’ आणि २०१५ चा ‘एम्ब्रेस’ ऐकावा. ‘एम्ब्रेस’च्या शीर्षकगीतात एरिक फ्लुइमान्स यांचा ट्रम्पेट आहे, तो रचनेत मिसळला आहे की वरून जोडल्यासारखा वाटतो, यावर आपले सविस्तर मत मला जरूर कळवावे.