रुग्ण मध्येच गळाले तर शेवटचा स्कोअर पुढे ओढावा का?

तुमचा प्रश्न: थिसिससाठी नैराश्याच्या औषधाची आठ आठवड्यांची चाचणी, ६० पैकी १८ रुग्ण मध्येच यायचे थांबले. प्रत्येकाचा शेवटचा स्कोअर आठव्या आठवड्यात टाकला तर चालेल का?

नका टाकू. आधी त्या १८ जणांना फोन लावा.

मी मुंबईत अशाच चाचण्यांचा डेटा सांभाळते. एकदा दोन रुग्णांचे चौथ्या आठवड्यानंतरचे रकाने कोरे होते आणि दोघांचाही शेवटचा हॅमिल्टन स्कोअर (नैराश्य किती तीव्र आहे ते सांगणारे गुण, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त) १८. फोन केला. नालासोपाऱ्याच्या ताईंना बरं वाटायला लागलं होतं, त्या परत कामावर रुजू झाल्या होत्या आणि ओपीडीच्या वेळेला सुट्टी मिळत नव्हती. दुसऱ्या घरी मुलाने फोन उचलला. औषधाने झापड येते म्हणून बाबांनी गोळ्या बंद केल्या, आता खोलीबाहेरही येत नाहीत, म्हणाला. पुढे ओढलेला १८ दोघांच्याही बाबतीत खोटाच ठरला असता. शिवाय असा भरलेला आकडा गणितात मोजलेल्या आकड्यासारखाच धरला जातो, त्यामुळे निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का दिसतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलनेही २०१० च्या अहवालात सांगितलंय की शास्त्रीय आधार असल्याशिवाय ही पद्धत मुख्य विश्लेषणात वापरू नये.

मग काय वापरायचं? मिक्स्ड मॉडेल (प्रत्येकाचे मिळालेले सगळे स्कोअर एकत्र वापरणारं गणित) किंवा मल्टिपल इम्प्युटेशन (कोऱ्या जागी अनेक संभाव्य आकडे भरून सगळ्यांचे निकाल एकत्र करणं). पण दोन्ही सहसा असं धरून चालतात की गळतीचं कारण आपण नोंदवलेल्या माहितीत सापडतं. नैराश्यात ते नेहमी सापडत नाही, कारण माणूस जितका खचतो तितकं त्याला घराबाहेर पडणं जड जातं, आणि नेमका तोच स्कोअर आपल्याकडे नसतो. म्हणून औषधाच्या गटातले भरलेले स्कोअर एकेका गुणाने बिघडवत न्या आणि निष्कर्ष कुठे उलटतो ते थिसिसमध्ये स्पष्ट लिहा. एका गुणातच उलटला तर तेही लिहा.

पुढच्या चाचणीसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. गोळी सोडली म्हणजे अभ्यास सोडला असं नसतं. गोळ्या थांबवलेल्यांचेही स्कोअर घेत राहा. प्रवासखर्च आणि फोनवरची मुलाखत प्रोटोकॉलमध्येच लिहून एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या.

ज्यांनी संमतीच मागे घेतली आहे त्यांना मात्र स्कोअरसाठी फोन करू नका. बाकीच्यांना संध्याकाळी सातनंतर करा. आधी तब्येत विचारा, का थांबलात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि जगण्यात राम नाही असं कुणी बोललं, तर फॉर्म बाजूला ठेवून, त्यांना फोनवर धरूनच तुमच्या डॉक्टरांना बोलवा.