जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलची गळती: बाहेरचे सील पुन्हा बदलण्याआधी

आपल्या जिप्सीच्या डाव्या पुढच्या चाकामागे, ॲक्सलच्या टोकाच्या गोल बॉलवरून काळपट तेल ओघळते. पावसाळ्याआधी नकलचे (बॉलवर बसणाऱ्या आणि चाकासोबत वळणाऱ्या कवचाचे) सील बदलूनही ते पुन्हा सुरू झाले आहे, आणि हे सील किती काळाने बदलत राहावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बदललेले सील मुळात दोषी नसावे. गळती जिथे दिसते तिथून ती सुरू झालेली असेलच, असे या ॲक्सलमध्ये गृहीत धरता येत नाही.

जिप्सीच्या पुढच्या सलग ॲक्सलच्या प्रत्येक टोकाला दोन निरनिराळे सील असतात. एक आत, ॲक्सलच्या नळीच्या तोंडाशी, चाक फिरवणाऱ्या शाफ्टभोवती बसते आणि डिफरन्शिअलमधील (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्यातील) पातळ गिअर ऑइल नळीतच अडवते. दुसरे बाहेर, नकलच्या मागच्या बाजूला, आठ बोल्टांच्या पत्र्याखाली असते. त्यात रबरी रिंग आणि नमद्याचा पट्टा असतो आणि स्टीअरिंग वळताना ते बॉलचा पृष्ठभाग पुसत राहते. हे बाहेरचे सील उंबऱ्यावरच्या पायपुसण्यासारखे आहे: चिखल बाहेर आणि घट्ट ग्रीस आत ठेवणे एवढेच त्याचे काम; पातळ तेल अडवणे त्याच्या आवाक्यातले नाही. आतले सील गेले की गिअर ऑइल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ करते आणि बॉलवरून बाहेर येते. अशा वेळी बाहेरचे सील कितीही वेळा नवे बसवले तरी गळती थांबत नाही.

म्हणून आधी तपासणी करावी. बॉलवरचा थर बोटांत चोळून पाहावा; तो घट्ट असेल तर ते केवळ ग्रीस आहे, आणि बॉलवर ग्रीसचा पातळ थर असणे हा दोष नसून गरज आहे, कारण कोरडा चकचकीत बॉल पहिल्याच पावसात गंजतो. थर पातळ असून त्याला गिअर ऑइलचा उग्र, गंधकासारखा वास येत असेल, तर गाडी सपाट जागेवर उभी करून पुढच्या डिफरन्शिअलचा पातळी पाहण्याचा बोल्ट उघडावा. तेल भोकाच्या कडेपर्यंत नसेल तर आतले सील गेल्याची शंका खरी ठरली. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे आणि ते लगेच बदलणे भाग आहे.

आतले सील अकाली जाण्याचे जे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, ते म्हणजे ॲक्सलवरचा ब्रीदर. घाटात बराच वेळ चारही चाकांवर गाडी चालवली की डिफरन्शिअल तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडण्याची ब्रीदर ही एकमेव वाट असते. ती लाल चिखलाने बुजली असेल तर दाब सीलच्या ओठावर येतो आणि तेल बाहेर ढकलले जाते. तोच तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की उलट घडते, म्हणजे आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते. ब्रीदर मोकळा असला तरी पाण्याखाली गेल्यावर पाणीच ओढणार, म्हणून त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी आणि टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावावा. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा ॲक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवावी. एवढ्या स्वस्त कामाने वाचणारा खर्च पाहता, मी ते सील बदलण्याआधी करून घेईन.

आतले सील बदलण्यासाठी नकल किंवा स्टीअरिंगचे सांधे सोडवावे लागत नाहीत. हब आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी) काढले की शाफ्ट सरळ बाहेर येतो. सीलचा ओठ शाफ्टवर जिथे टेकतो तिथे नखाने चाचपून पाहावे. खाच लागत असेल तर नवे सील, जागा असल्यास, किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणावा. स्पिंडलमधील पितळी बुश झिजले असेल तर तेही बदलावे, कारण शाफ्ट डुलत असताना नवे सील फार काळ टिकत नाही. स्प्रिंग असलेली बाजू डिफरन्शिअलकडे ठेवून, ओठाला ग्रीस लावून सील सरळ ठोकावे. मात्र सर्वाधिक नवे सील बिघडतात ते पुढच्या क्षणी: शाफ्ट आत सरकवताना त्याचे वजन ओठावर टेकते आणि स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दातांच्या, धारा रबर कापतात. शाफ्ट हाताने उचलून धरूनच आत न्यावा. नकलमधले तेलमिश्रित जुने ग्रीस डिझेलने पूर्ण धुऊन काढावे आणि मॉलिब्डेनमयुक्त लिथियम ग्रीस भरावे, पण ठासून नव्हे.

बाहेरचे सील रीतसर बदलण्यासाठी नकल उतरवावी लागते. काही मिस्त्री रबरी रिंग एका ठिकाणी कापून, काप वरच्या बाजूला ठेवून तशीच चढवतात. प्रवासात अडचण आली तर ते चालेल, कायमचा उपाय म्हणून मला पटत नाही. नकल उतरवलीच तर किंगपिनखालच्या (नकल ज्या खुंटीवर वळते तिच्याखालच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, वरच्या-खालच्या वेगवेगळ्या बांधून ठेवाव्यात. किंगपिनचे बेअरिंग ढिले असेल तर बॉल मधोमध राहत नाही आणि सील एकाच बाजूने झिजते. चाक उचलून वर-खाली हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबूनही खेळ उरला तर दोष हबच्या बेअरिंगचा नसून किंगपिनचा आहे.

नेहमीची निगा फार नाही. चिखलातून आल्यावर तो वाळण्याआधी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बॉल साध्या पाण्याने धुवावा. प्रेशर वॉशरचा झोत सीलच्या कडेवर मारू नये, कारण त्याने माती आत जाते. नंतर बॉलवर ग्रीसचा हात फिरवावा. समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर हे त्याच दिवशी करावे. पुढच्या चाकांचे हब शाफ्टपासून मोकळे ठेवण्याची सवय असेल तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर ते लॉक करून काही अंतर चालवावे, म्हणजे न फिरणाऱ्या शाफ्टवरचा सीलचा ओठ कोरडा पडत नाही.

हे वाचणाऱ्या जिम्नीधारकांनाही यातले बहुतेक लागू आहे, कारण तिथेही बॉल आणि किंगपिनची रचना कायम आहे. 2010 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या) गाडीत पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने हा बॉल मुळातच नाही.

काम उघडण्याआधी दोन्ही बाजूंची आतली सील, स्पिंडलचे बुश आणि सर्क्लिप (शाफ्टच्या टोकाची अडकवण्याची कडी) हाताशी असू द्यावेत, नाहीतर गाडी स्टँडवर अडकून पडते. सील बेअरिंगच्या दुकानातून घेणार असाल तर जुने सोबत न्यावे, आणि त्याच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर शाफ्टचा आणि सीलच्या खोबणीचा व्यास व्हर्नियरने मोजून न्यावा.