शेवटच्या उडीचं गणित

प्रश्न : २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासच्या उड्या फसत होत्या, तरी तिहेरी उडीचं सुवर्ण तिलाच मिळालं. हे नशीबच ना?

उत्तर : नशीब कसलं हो! तेव्हा अंतिम फेरीत आधी तीन उड्या असायच्या, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. मोजायची ती सगळ्यांत लांब एकच. रोहासने शेवटच्या उडीत १५.०८ मीटर मारली आणि युक्रेनच्या मारिना बेख-रोमानचुकला आठ सेंटिमीटरने मागे टाकलं. १९९५च्या गोथेनबर्ग जागतिक स्पर्धेत युक्रेनच्याच इनेसा क्रावेट्सच्या पहिल्या दोन्ही उड्या फाउल होत्या (उडी घ्यायच्या पाटीच्या रेषेपुढे पाय पडला की फाउल), तिसरी १५.५०, विश्वविक्रम! तो मोडायला २०२१चं टोकियो ऑलिंपिक उजाडलं. मोडला रोहासनेच, १५.६७.

मी उडी मारायचे तेव्हा फाउल झाला की घाबरून धाव दोन पावलं मागून सुरू करायचे. मग पाय पाटीच्या वीतभर अलीकडे पडायचा. मोजणी पाटीच्या रेषेपासून, म्हणजे ती वीत फुकट! (अजून चुटपुट लागते.) रोहास आणि क्रावेट्स मात्र फाउलनंतरही पूर्ण वेगाने धावल्या. धाव मंदावली, की तिहेरी उडीच्या तिसऱ्या टप्प्यासाठी अंगात वेग उरतच नाही.