हॅक्समधला एकच कोड खरंच सगळ्या टार्गेट्सवर सारखा चालतो का?

तुम्ही विचारलंय की हॅक्स या प्रोग्रामिंग भाषेची टार्गेट्स (तिचा कोड ज्या भाषांत किंवा प्लॅटफॉर्मसाठी रूपांतरित होतो ती) कोणती आणि ब्राउझर व सर्व्हर दोन्हीकडे एकच कोड पुरतो का. पुरतो. पण मी जिथे अडकलो ते आधी सांगतो.

एका अर्जाच्या प्रणालीत ‘वय’ हे फील्ड इन्ट (पूर्णांक) प्रकाराचं होतं, सुरुवातीची किंमत न देता ठेवलेलं. जावास्क्रिप्टच्या बिल्डमधून (त्या टार्गेटसाठी तयार केलेल्या प्रोग्रॅममधून) रिकाम्या वयाच्या जागी नल (‘किंमतच नाही’) साठवलं जायचं, सी प्लस प्लसच्या बिल्डमधून 0. कोड तोच, एररही नाही. अहवालात सरासरी वय घसरलं तेव्हा कुठे आम्हाला पत्ता लागला, आणि त्यात दोन दिवस गेले.

याचं कारण टार्गेट्सच्या स्वभावात आहे. सी प्लस प्लस, जेव्हीएम (जावाचं व्हर्च्युअल मशीन), सी शार्प, हॅशलिंक (हॅक्सचं व्हर्च्युअल मशीन) ही स्टॅटिक टार्गेट्स, म्हणजे प्रकार आधीच पक्के असणारी. तिथे साध्या इन्टमध्ये नल मावतच नाही. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, लुआ, नेको (हॅक्सचं जुनं व्हर्च्युअल मशीन) ही डायनॅमिक, म्हणजे प्रकार चालताना ठरणारी; तिथे मावतं. म्हणून किंमत नसणं शक्य असेल तिथे प्रकार नल<इन्ट> असाच लिहा.

स्ट्रिंगकडेही (मजकुराच्या प्रकाराकडेही) बघा. 2019 च्या हॅक्स 4 पासून नेको सोडून सगळीकडे युनिकोड आहे, त्यामुळे ‘मराठी’ची लांबी 5 येते (काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात). नेको बाइट मोजतं, तिथे 15. इमोजी मात्र जावास्क्रिप्टमध्ये 2 भरते आणि पायथनमध्ये 1. अक्षरमर्यादा तपासणारा कोड असेल तर हे आजच तपासून घ्या.

फ्लॅशसाठी हॅक्स शिकू नका. निकोला कानास यांनी 2005 मध्ये भाषा सुरू केली ती फ्लॅशवाल्यांच्या गरजेतूनच, पण अडोबीने 2020 अखेर फ्लॅश प्लेअर बंद केला.

गेम करायचा असेल तर माझं मत ठामपणे हॅशलिंक. काम करताना जेआयटीवर (चालवतानाच मशीन कोड बनवणाऱ्या पद्धतीवर) चालवायचं, बिल्ड पटकन होते. प्रकाशित करताना त्याच कोडचं सी करून घ्यायचं. ‘डेड सेल्स’ हा गेम हॅशलिंकवरच बनला आहे. वेबसाठी जावास्क्रिप्ट टार्गेट इतकं मुरलेलं आहे की दुसरा विचार नको.

तुमच्यासारखी दोन टार्गेट्स असतील तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) दोन्हींच्या टेस्ट चालवा. सी प्लस प्लसची पहिली बिल्ड बराच वेळ घेते, नंतरच्या लवकर होतात.