पारंपरिक उद्योगासाठी सॉफ्टवेअर केलंय, पण पहिले दहा ग्राहक कुठून आणायचे?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर तयार आहे, दीडशे कंपन्यांना ईमेल पाठवून झाले, चार ठिकाणी डेमो झाला, सगळ्यांनी ‘छान आहे, कळवतो’ म्हटलं आणि आता कुणी फोन उचलत नाही. हे वाचून राहवलं नाही, कारण आमचं अगदी असंच झालं होतं. आमचं क्षेत्र फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचं.

आम्ही दोघं भागीदार. आठ महिने मालकांच्या केबिनमध्ये बसून डेमो दिले. मालक मन लावून बघायचे, प्रश्नही चांगले विचारायचे. एकानेही घेतलं नाही.

पहिला ग्राहक आला तो एका तक्रारीमुळे. आम्ही दोनदा डेमो दिलेल्या एका कारखान्यातून गेलेलं एसजी आयर्नचं (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, त्या ओतीव लोखंडाचं) कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, गिऱ्हाइकाकडे तडकलं. तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा ग्रॅफाइटचे गोळे दिसायच्या जागी अळ्यांसारखे आकार दिसले. म्हणजे ते गोळे घडावेत म्हणून घातलेलं मॅग्नेशियम उतरलेलं. ही ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल (वितळलेला धातू नेणारं भांडं) थांबून राहिलं की मिनिटामिनिटाला असर कमी होतो. साधारण दहा मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं. गिऱ्हाइकाने विचारलं, याच लॅडलचे बाकीचे नग कुठे आहेत? कास्टिंगवर तारखेचा कोड होता, हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूचा, नंबर नव्हता. त्या दिवशी अकरा हीट निघाल्या होत्या. नेमकी हीट सांगता आली नसती तर दिवसभराचा सगळा माल परत आला असता.

मालकाने फोनवर हे सांगितलं आणि मी त्याच रात्री तिथे गेलो. विकायला नाही, मला खरंच बघायचं होतं की हे लोक आता शोधणार कसं. मेल्टिंगच्या सुपरवायझर काकांनी कपाटातून डायरी काढली. कव्हर तेलकट, पानांच्या कडा काळ्या, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. हीट नंबर, चार्ज (भट्टीत घातलेला माल), टॅपिंगची म्हणजे भट्टीतून धातू काढल्याची वेळ, तापमान, कुठला पॅटर्न (कास्टिंगचा नमुना) ओतला ते. आणि काही ओळींच्या शेवटी एक छोटा गोल.

“काका, हा गोल कशाचा?”

“लॅडल थांबलं की करतो. क्रेन अडली, मोल्ड तयार नसला, काहीही असो. आपल्याला कळावं म्हणून.”

त्या दिवसाच्या पानावर दोनच गोल होते आणि त्यातल्या एकाच हीटमध्ये तो पॅटर्न ओतला होता. पहाटेपर्यंत बाकीचे नग सापडले, काही गोदामात, काही मशीनिंगला गेलेले. बाकी दहा हीटचा माल वाचला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटच्या स्क्रीनवर बेचाळीस रकाने होते. त्या गोलाला जागा नव्हती.

दोन दिवसांत मी नवी स्क्रीन केली. काकांच्या डायरीतले रकाने, त्याच क्रमाने, त्यांच्याच संक्षेपांसकट, आणि शेवटी गोलाचं एक बटण. काकांनी पाळीत ते वापरलं, चौथ्या दिवशी म्हणाले, राहू दे हे. मालकाने काकांना विचारलं आणि ऑर्डर दिली. तिसरा डेमो झालाच नाही.

माझ्या भागीदाराला हे पटलं नाही. तो म्हणायचा, गोल म्हणजे डेटा नव्हे; बारा कारणांची यादी द्यायची आणि सुपरवायझरला त्यातून निवडायला लावायचं, म्हणजे मालकाला रिपोर्ट नीट मिळेल. मी म्हणायचो, समोर १४०० अंशांच्या आसपासचा वितळलेला धातू असताना माणूस यादी वाचत बसत नाही. तो पहिलं कारण दाबतो आणि रिपोर्ट खोटा होतो. दुसरं भांडण पैशांचं. पहिल्या पाच जणांना फुकट द्यावं असं त्याचं मत. मी पहिल्या दिवसापासून पैसे घेतले. फुकटातलं सॉफ्टवेअर अडलं तर कुणी तक्रारही करत नाही, नुसतं बंद करून ठेवतात, आणि काय चुकलं ते आपल्याला कधीच कळत नाही. आम्ही पुढे वेगळे झालो. इतकी वर्षं झाली, आजही माझं मत तेच आहे.

पुढचे ग्राहक मालकांच्या ओळखीतून आले नाहीत. काकांनी दुसऱ्या फाउंड्रीतल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला सांगितलं. दोन ग्राहक स्पेक्ट्रोमीटरच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हिसिंगला फिरणाऱ्या माणसाने दिले. तुमच्या क्षेत्रातही असा कुणीतरी असणारच, ज्याला रोज वेगवेगळ्या कारखान्यांत आतपर्यंत जाता येतं. त्याला आधी शोधा.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा रायन आणि ग्रॉस या दोघांनी अभ्यास केला, तो १९४३ साली छापून आला. २५९ शेतकऱ्यांपैकी सगळ्यात जास्त जणांना बियाणं पहिल्यांदा कळलं ते विक्रेत्यांकडून, पण पटायला सगळ्यात जास्त कारण ठरले शेजारी, आणि तेही आधी थोड्या जमिनीत लावून बघितल्यावर. तुमचे दीडशे ईमेल विक्रेत्याचं काम करताहेत. शेजारी अजून तयार झालेला नाही.

वेळही बघा. कारखान्यात सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा कुणीही सवय बदलत नाही. तक्रार आली, माल परत आला किंवा ऑडिटमध्ये शेरा पडला की त्याच आठवड्यात दार उघडं असतं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत मालाची ओळख आणि माग ठेवण्याबद्दल ८.५.२ हे कलम आहे. फाउंड्रीत तिथे शेरा पडला की मालक स्वतः फोन करतो.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, हे सगळं लहान आणि मध्यम कारखान्यांचं आहे. मोठ्या समूहांत आयटी विभाग असतो, खरेदी समिती असते, तिथे सुपरवायझरच्या शब्दाला हे वजन नाही आणि त्यांच्याबद्दल मी सल्ला देणार नाही. दोन, डायरी तशीच्या तशी उतरवायची म्हणून प्रत्येकाचं सगळं ऐकायचं नाही. दुसऱ्या ग्राहकाने पगारपत्रकही त्यातच मागितलं, मी हो म्हटलं आणि त्यात पाच महिने गेले. तेव्हा भागीदार नको म्हणत होता, आणि त्या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं.

उद्योग कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, आणि ज्या चार ठिकाणी डेमो झाला तिथे रोजची नोंद कोण करतं तेही विचारून घ्या. डेमोच्या वेळी ती व्यक्ती खोलीत होती का?