घिरट्या घालणारा ड्रोन आणि आठवड्याचा क्लास

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. ऑपरेशन सिंदूरच्या बातम्यांत तिने लक्ष्यावर घिरट्या घालून मग झडप घालणारे ड्रोन पाहिले. आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, ड्रोन पायलटचं लायसन्स काढून सैन्यासाठी तेच उडवते. क्लासची फी भरू का?
– एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर: ताई, त्या लायसन्सवर तिला हवं ते काम मिळणार नाही. दहावी पास आणि 18 पूर्ण असलेल्या कुणालाही छोट्या ट्रेनिंगनंतर ते मिळू शकतं. त्यावर द्राक्षबागेची फवारणी, जमिनीचा सर्व्हे, लग्नाचं शूटिंग अशी कामं मिळतात. (त्यांना कमी लेखू नका.) सैन्याचे ड्रोन सैन्यच चालवतं.

तिने पाहिलं त्याला लॉइटरिंग म्युनिशन, म्हणजे घिरट्या घालणारं स्फोटक अस्त्र म्हणतात. इस्रायलचा हार्पी शत्रूच्या रडारच्या लहरींचा माग काढत त्यावरच जाऊन आदळायचा. पुढे हारोपमध्ये कॅमेरा आला आणि त्यातून पाहून दुरून निर्णय घेणारा माणूसही. आपल्या नागपुरात बनणारं नागास्त्र-1 साधारण अर्धा तास हवेत राहतं. लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द झाला, तर पॅराशूटने परत उतरतं. तिला एवढंच विचारा: परत येणाऱ्या त्या यंत्रातली स्फोटकं उतरताना का फुटत नाहीत? जीपीएस जाम झालं तर त्याला वाट कशी सापडते? या प्रश्नांत ती रमली, तर तिची जागा रिमोटपाशी नाही, डिझाइन टेबलापाशी आहे. मग इलेक्ट्रॉनिक्स किंवा एरोस्पेस घ्यावं. केमिस्ट्री आवडत असेल तर पुण्यात संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओची स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा एचईएमआरएल आहे. आणि विमानं बनवणारं एचएएल तर ओझरलाच आहे.

नाही, उडवायचंच म्हणाली, तर अधिकारी व्हावं लागेल. एनडीएत (बारावीनंतर सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) मुली 2022 पासून जातात, आणि असे ड्रोन वापरणाऱ्या तोफखान्यात महिला अधिकारी 2023 पासून. तोफखान्याचं स्कूल आपल्या देवळालीतच. एनडीएची परीक्षा बारावीत असतानाच देता येते, वयाची अट मात्र आधी नीट वाचा. यंदा जमलं नाही तर पदवीनंतर अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा आहेच.

क्लास हौसेने करायचा तर सीईटी झाल्यावर, सुट्टीत करू दे. तोवर फी बँकेतच असू द्या.