हरवलेलं विमान समुद्रात शोधायचं, तर शिकायचं काय?

प्रश्न: मी मालवणला अकरावी सायन्सला आहे. तटरक्षक दलाचं छोटं डॉर्निअर विमान २०१५ मध्ये समुद्रात बेपत्ता झालं होतं, त्याबद्दल वाचलं. मला पायलट व्हायचं नाही. असं विमान शोधणाऱ्यांत जायचंय. बाबा म्हणतात, अशी नोकरीच नसते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर.

उत्तर: नोकरी असते गं. त्या नावाची जाहिरात निघत नाही, म्हणून बाबांना ती दिसत नाही.

८ जून २०१५ ला संध्याकाळी चेन्नईहून टेहळणीला निघालेलं ते विमान रात्री रडारवरून नाहीसं झालं. आत तिघं होते. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, आवाज मात्र लांब जातो. म्हणून विमानाच्या रेकॉर्डरला, म्हणजे ब्लॅक बॉक्सला, जोडलेलं बीकन नावाचं छोटं संकेतयंत्र बॅटरी असेतो पाण्यात आवाजाचे ठोके देत राहतं. नौदलाच्या सिंधुध्वज पाणबुडीने ते टिपले. १० जुलैला ऑलिम्पिक कॅनियन या खासगी जहाजाने जवळपास एक किलोमीटर खोलीवरून रेकॉर्डर वर काढला. हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान सापडायला मात्र साडेसात वर्षं लागली. २२ जुलै २०१६ ला पोर्ट ब्लेअरला जाताना ते २९ जणांसह बेपत्ता झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओटीच्या, स्वयंचलित पाणयानाने, म्हणजे पाण्याखाली माणसाशिवाय फिरणाऱ्या यंत्राने, टिपलेल्या फोटोंत त्याचे अवशेष ३४०० मीटर खोलीवर दिसले, ते जानेवारी २०२४ मध्ये कळलं. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या २९ घरांना निदान ठिकाण तरी समजलं. तुला हे काम करावंसं वाटतं याचं मला फार मोल वाटतं.

आता हे बघ, यात विमानविद्या थोडी आणि समुद्र व ध्वनी जास्त. सोनार म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढणारं यंत्र. त्याचं चित्र वाचणारा माणूस तासन्‌तास तळाच्या करड्या पट्ट्या बघत बसतो. खडक ओबडधोबड असतात. एखादी कडा सरळसोट दिसली की तो थबकतो. वस्तूमागे पडलेल्या काळ्या सावलीच्या लांबीवरून तिची उंची काढतो. ते गणित साध्या त्रिकोणमितीचं आहे, तू दहावीत केलेलं.

म्हणून गणित सोडू नकोस. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला नौका व सागरी अभियांत्रिकीचं बी.टेक. आहे, जेईई ॲडव्हान्स्डमधून. हाच विषय इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसमध्येही आहे. तिथे जमलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल घे. पाणयानं बनवणाऱ्यांना तीच माणसं लागतात. बी.एस्सी. फिजिक्स करून गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. करता येते, आणि ते तुला घराजवळही आहे. ‘विमान अपघात तपास’ अशा नावाचे महागडे खासगी डिप्लोमे बारावीनंतर मुळीच घेऊ नकोस. आधी भक्कम पदवी.

बाबांची काळजीही खरी आहे. एनआयओटीतल्या बऱ्याच प्रोजेक्ट सायंटिस्टच्या जागा कंत्राटी असतात, आणि विमान शोधायची वेळ क्वचितच येते. पण तोच सोनार, तीच यंत्रं बंदरांच्या सर्वेक्षणात, समुद्राखालच्या केबल टाकताना आणि तेलाच्या पाइपलाइन तपासताना रोज चालतात. पगार बहुधा तिथून येईल, हे बाबांना आकड्यांसकट सांग. त्यासाठी अशा कंपन्यांच्या सध्याच्या जाहिराती दोघांनी मिळून बघा.

आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, आयएमयू-सीईटी, ही एमएचटी-सीईटीहून वेगळी परीक्षा आहे. तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो. बारावीत तारखेवर लक्ष ठेव.